दाखल-खारीजचं रजिस्टर आणि गळकं छत

शाबान लागला की आमच्या वऱ्हाडातल्या गावागावांत मशिदींना रंग लागू लागतो. शाबान म्हणजे रमजानच्या आधीचा महिना. चुन्याच्या बादल्या येतात, चटया धुऊन वाळत पडतात, वजूच्या नळांच्या तोट्या बदलल्या जातात, लाऊडस्पीकरवाल्याला निरोप जातो. कुणी सिमेंटच्या चार गोण्या देतो, कुणी पंखा देतो. पाच एकर कोरडवाहू असलेला माणूससुद्धा सोयाबीनच्या पट्टीतून काहीतरी बाजूला काढून ठेवतो. पैसे मागायला फारसं फिरावं लागत नाही. हे दरवर्षी बघतो आणि बरं वाटतं. पण त्याच मशिदीपासून दोनशे पावलांवर बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची उर्दू प्राथमिक शाळा असते. तिच्याकडे या धावपळीत कुणाची नजर वळत नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं : मशीद आपली, शाळा सरकारची.

ही ‘सरकारची’ शाळा आली कुठून, हे थोडं सांगायला हवं. वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे इंग्रजी अमदानीत मराठी शाळांच्या जोडीला ‘हिंदुस्थानी’, म्हणजे उर्दू शाळा निघाल्या. आमचा भाग नंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात गेला, १९५६मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६०पासून महाराष्ट्रात आहे. शाळेचा मालक त्याप्रमाणे बदलत गेला. आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल, १९४८नंतर जनपद सभा, १ मे १९६२पासून जिल्हा परिषद. राज्यं बदलली, शिक्के बदलले, पाटीवरचा अलिफ मात्र तोच राहिला. सात-आठ माणसांमागे एक मुसलमान असलेल्या या जिल्ह्यात ज्यांच्याकडे खासगी शाळेची फी भरायला पैसा नव्हता, त्यांची पहिली इयत्ता याच शाळांत झाली. माझीही.

माझी शाळा मेहकर तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिची जी अवस्था सांगणार आहे ती एकट्या तिची नाही, आणि नाव छापलं की चौकशी पहिल्यांदा मुख्याध्यापकांचीच होते, हे शिक्षकी पेशात राहून मला ठाऊक आहे. सातवीपर्यंत मी तिथं शिकलो. यंदा रमजानच्या पहिल्या आठवड्यात तिथं जायचं कारण निघालं ते एका कागदाचं. नात्यातल्या एका मुलीला वैद्यकीय प्रवेशासाठी जात पडताळणी करून घ्यायची आहे. समाज बागवान, म्हणजे इतर मागासवर्गात. महाराष्ट्रात ओबीसींसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्याआधीचा, जातीचा उल्लेख असलेला, वडिलांकडच्या कुणाचा तरी पुरावा लागतो. गरीब मुसलमानाच्या घरात सातबारा नसतो, खरेदीखत नसतं. पुरावा म्हणून एकच जागा उरते, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. मुलीचे आजोबा १९५१मध्ये याच शाळेत पहिलीत बसले होते. ते रजिस्टर उर्दूत आहे आणि त्यातलं जुनं वळण आता फार थोड्यांना वाचता येतं, म्हणून त्या घरच्यांनी मला सोबत घेतलं.

रमजानात उर्दू शाळा सकाळी भरते. पोहोचलो तेव्हा पोरं व्हरांड्यात बसलेली होती. पहिली आणि दुसरी एका टोकाला, तिसरी दुसऱ्या टोकाला, मधे एक फळा, दोन्ही बाजूंनी वापरलेला. सरांनी एका बाजूला बेरीज लिहिली होती, मॅडमनी दुसऱ्या बाजूला ‘बे, पे, ते’. मला वाटलं उन्हाच्या आत मोकळ्यावर बसवलं असेल. तसं नव्हतं. आतल्या दोन खोल्यांना कुलूप होतं.

त्या खोल्या उघडून बघितल्या. एक जुनी, जाड भिंतीची, सागवानी कैच्यांवर कवेलू. आमच्या वेळी दर उन्हाळ्यात गावातले दोघे-तिघे जण वर चढून कवेलू उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पुन्हा शाकारायचे. त्याबद्दल त्यांना काय मिळायचं ते आठवत नाही, चहा नक्की मिळायचा. आता कवेलू करणारे कुंभार गावात राहिले नाहीत, शाकारणारे पुण्याला नाहीतर सुरतेला गेले. जिथून कवेलू सरकले तिथून पाणी थेट कैचीच्या टोकावर पडतं, आणि लाकूड कुजायला सुरुवात भिंतीत शिरलेल्या टोकापासूनच होते. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. दुसरी खोली स्लॅबची, मी पाचवीत असताना बांधलेली. तेव्हा आम्हाला तिचा कोण अभिमान! तीच आता जास्त धोक्याची आहे. स्लॅबच्या खालचं प्लास्टर ताटाएवढ्या तुकड्यांनी निखळलंय, आतल्या सळया गंजून फुगल्यात. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग आहे, तिच्यात माझी बोटं गेली. आमची काळी जमीन कापसाला चांगली, घराला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि वर उथळ पाया असेल तर भिंतीला सोबत ओढते. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं, ते मुरूम लागेपर्यंत खणायचे. ठेक्यातल्या बांधकामात तेवढं खोल कोण जातो?

खोल्यांना कुलूप लावलं हे शिक्षकांनी शहाणपण केलं. ऑगस्ट २०१७मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात २५ जुलै २०२५ला सकाळी शाळेचा भाग पडला आणि सात मुलं दगावली. अशा बातमीनंतर आठवडाभर सगळीकडून धोकादायक वर्गांच्या याद्या मागवल्या जातात. आमच्या शाळेचंही नाव यादीत गेलेलं आहे. मुख्याध्यापकांनी फाईल दाखवली. पत्रं आहेत, फोटो आहेत, स्मरणपत्रं आहेत.

रजिस्टरं ऑफिसमधल्या लोखंडी कपाटात होती. कपाटावर प्लास्टिकचा कागद घालून दोन विटा ठेवल्या होत्या. तेवढ्यानं काय होणार? पाणी मागच्या भिंतीनं येतं. सगळ्यात जुनं रजिस्टर उघडलं तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली होती. सोडवताना हात कापत होता, रोज्यामुळे नव्हे. वरच्या कोपऱ्यात डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा गोल शिक्का, पुढच्या पानांवर जनपद सभेचा. नंबर, नाव, वालिदचं नाव, जात, पेशा, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. बोरूनं लिहिलेली उर्दू, ओळ अशी सरळ की जणू पट्टी ठेवून लिहिलंय. कारणांचा रकाना मी उगाच वाचत बसलो. ‘मजुरीला गेला’, ‘गाव सोडलं’, ‘वबा’, म्हणजे साथ. मुलींची नावं पुष्कळ पानांनंतर येतात आणि चौथीच्या पुढे एकही जात नाही.

१९५१चं पान सापडलं. आजोबांचं नाव स्वच्छ होतं, त्यांच्या वडिलांचं नावही. जातीच्या रकान्यावरून मात्र पाण्याचा डाग खालपर्यंत ओघळला होता. शाई पसरून निळसर ढग झालेला. शेवटचा ‘नून’ दिसतो, त्याआधीचं काही दिसत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, जो दिखता नहीं वो मैं कैसे लिख के दूँ?” त्यांचं बरोबर होतं. दिसत नाही ते प्रमाणित करणं हा गुन्हा आहे. मुलीचे वडील भिंतीला टेकून उभे होते, काही बोलले नाहीत. मुलीचं नीटचं दोन वर्षांचं रात्रीचं जागरण त्या डागाखाली होतं.

मग कुणीतरी म्हणालं, आजोबांना एक धाकटा भाऊ होता. आणखी तासभर पानं सोडवली. १९५४च्या एका पानावर तो सापडला, वडिलांचं नाव तेच, गाव तेच, आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ ‘बागवान’. ते पान कोरडं होतं, कारण पाण्याची धार त्याच्या दोन बोटं वरून गेली होती. सख्ख्या चुलत आजोबांची नोंद पुरावा म्हणून चालते. काम झालं. पण ज्यांच्या आजोबांना धाकटा भाऊ नव्हता त्यांचं काय?

याच पानांना किती किंमत आहे हे आपण २०२३मध्ये पाहिलं. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली, कारण निजामाच्या राजवटीतले कागद उर्दूत. म्हणजे उर्दूतल्या एका जुन्या ओळीवर एखाद्या मराठा शेतकऱ्याच्या मुलाचं शिक्षण अवलंबून असू शकतं. गळक्या छताखालच्या कपाटाला हिंदू-मुसलमान कळत नाही.

आता मूळ प्रश्न, दुरुस्ती होत का नाही? लोक म्हणतात, उर्दू शाळा म्हणून. मला हे अर्धंच पटतं. उर्दूची म्हणून वेगळी दुखणी आहेत. शिक्षकभरतीत उर्दू माध्यमाच्या आरक्षित जागांना त्या प्रवर्गातले उर्दू शिकलेले उमेदवारच मिळत नाहीत, जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. पण छताच्या बाबतीत शेजारच्या मराठी शाळेचीही एक खोली बंद आहे. आमच्या दोन्ही शाळांमध्ये एक भिंत आहे, कमरेएवढी. मराठीचा तास आमच्याकडे होताच, पण खरी मराठी मी त्या भिंतीवर बसून शिकलो, आणि हिशेब शिकलो तो भिंतीपलीकडून तात्पुरते आलेल्या एका गुरुजींकडून. गेल्या पावसाळ्यात आमचे दोन वर्ग त्याच मराठी शाळेच्या सभागृहात भरले. तेव्हा भेदभाव म्हणून हात झटकले की काम सोपं होतं, पण खोली दुरुस्त होत नाही.

दुरुस्ती अडते ती बहुतेक वेळा कागदावर. पडायला आलेली खोली अशीच पाडता येत नाही, तिचं ‘निर्लेखन’ व्हावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव, वर मंजुरी, मग मोडक्या मालाचा लिलाव. निर्लेखन झाल्याशिवाय त्या जागी नवी खोली मागता येत नाही, कारण कागदावर खोली उभीच असते! पटाच्या हिशेबात आमच्या शाळेला खोल्या पुरेशा आहेत. मोजणाऱ्याच्या तक्त्यात कुलूप दिसत नाही. तिकडे खोल्या नाहीत म्हणून पालक मुलं काढतात, पट घसरतो, आणि घसरलेल्या पटाला नवी खोली कशी द्यायची असा प्रश्न पुढच्या वर्षी येतो. डिसेंबर २०१७मध्ये दहाहून कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचा निर्णय झाला होता, ते गावं विसरलेली नाहीत. आमच्या गावातली ही शाळा गेली तर पुढची उर्दू शाळा चौदा किलोमीटरवर. मुलगे सायकलनं, ऑटोनं जातील. मुली जाणार नाहीत. ज्या रजिस्टरात मुलींची नावं चौथीपर्यंत थांबत होती, त्याच्या नव्या भागात आता सातवीपर्यंत मुली मुलांहून जास्त आहेत. मुख्याध्यापकांनी आपणहून ते पान दाखवलं.

कायद्यात कमी काही नाही. शिक्षण हक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी हवी, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण हवं असं लिहिलंय. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं सांगतो. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानंतर देशातले नव्वद अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडून खास निधीची योजना आली, त्यात महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम यांच्याबरोबर आपला बुलढाणाही होता. आणि समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर तालुक्यातूनच जातो, तेव्हा या भागात सिमेंट येतच नाही असंही कुणी म्हणू शकत नाही.

या कायद्यातलं २१ आणि २२ हे कलम मात्र आपल्याकडे कुणी वाचत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि ही समिती जो शाळा विकास आराखडा करते त्याच्याच आधारावर सरकारनं अनुदानाचं नियोजन करायचं आहे. म्हणजे खोली मागायची जागा कायद्यानं थेट पालकांच्या हातात दिलेली आहे. आमच्या शाळेच्या समितीचं इतिवृत्त बघितलं. सह्या पूर्ण आहेत. सह्यांच्या तारखा आणि बैठकींच्या तारखा जुळतातच असं नाही. बहुतेक सह्या घरी जाऊन आणलेल्या. शिपाई नाही, तेव्हा त्या मुख्याध्यापकांनीच आणल्या असणार. मजुरी बुडवून बैठकीला कोण येणार, हेही खरंच आहे. पण तरावीहनंतर रात्री अकरापर्यंत चौकात बसायला आपल्याला वेळ असतो, तेही खरं आहे.

रमजानचं पान आहे, तर पैशाचंही बोलू. जकात शाळेला चालते का, हा प्रश्न मला त्या दिवशी तिघांनी विचारला. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचे अडीच टक्के. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआनानं ठरवून दिलेत. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी मताचे, आणि त्या मतानुसार जकातीत ‘तमलीक’ लागते, म्हणजे ती रक्कम गरजू माणसाच्या मालकीची झाली पाहिजे. भिंत मालक होऊ शकत नाही. म्हणून जकातीतून इमारत होत नाही. गरीब मुलाची फी, वह्या, कपडे, ऑटोचं भाडं होतं. पण मशिदीचा रंगही जकातीतून होत नाही, तो होतो ऐच्छिक ‘लिल्लाह’ रकमेतून. त्याच रकमेला शाळेचा दरवाजा बंद असल्याचं मी कुठल्या मौलानांकडून ऐकलेलं नाही. उलट, सतराव्या रोज्याला आपण बद्रच्या लढाईची आठवण काढतो, त्या लढाईतल्या कैद्यांची गोष्ट सीरतच्या ग्रंथांत येते. ज्यांच्याकडे खंडणीला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावं आणि सुटून जावं, असं ठरलं. शिकवणारे शत्रूपक्षातले, दुसऱ्या धर्माचे. त्याची कुणाला अडचण वाटली नाही.

तरीही चंदा काढून वर्गखोल्या बांधून टाकू, या सूचनेला मी गावात विरोध केला. लोकसहभागातून शाळा उभी राहू शकते, पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीनं ते दाखवलं. पण तिथल्यासारखी जमवाजमव प्रत्येक गावाला जमत नाही. आमच्यासारख्या गावात सहा महिने पैसे जमतात, अर्धी भिंत होते, आणि ‘काम लोकवर्गणीतून सुरू आहे’ एवढ्या शेऱ्यावर सरकारी फाईल बंद होते. दोन्हीकडचं गेलं. खोली ही मुलांची हक्काची गोष्ट आहे, ती कर भरणाऱ्या गावानं मागूनच घ्यावी. लिल्लाह रकमेचं काम वेगळं. पाऊस येईपर्यंतची ताडपत्री, कोरडं कपाट, रजिस्टरांचं पान-पान स्कॅन करणं, आणि तालुक्याला फेऱ्या मारणाऱ्या समितीच्या बाईचं एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. ही शेवटची बाब ऐकून लोक हसले. पण काम अडतं ते नेमकं तिथंच.

इफ्तारनंतर त्याच संध्याकाळी व्हरांड्यात बैठक झाली. खजूर, केळी, भजी, आणि मधे ठरावाची वही. अध्यक्ष या शेतमजुरी करणाऱ्या एका मुलीच्या आई आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांना मजकूर दोनदा वाचून दाखवायला लावला, मग सही केली. दोन खोल्यांच्या निर्लेखनाचा ठराव झाला, अभियंत्याच्या पाहणीसाठी नव्यानं पत्र गेलं, आणि १ मेच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं काम घालण्याचा विषय मांडायचा ठरला. मराठी शाळेची बंद खोलीही त्याच विषयात घ्या, असं तिथल्या समितीच्या अध्यक्षांनी सुचवलं. एका पत्रापेक्षा दोन पत्रांचं वजन जास्त. पाहणीची तारीख अजून आलेली नाही.

रजिस्टरं सध्या भिंतीपलीकडे मराठी शाळेच्या कपाटात आहेत. तिथल्या मुख्याध्यापकांनी रीतसर पोच लिहून दिली : एकूण रजिस्टरं अकरा, पैकी तीन भिजून चिकटलेली.